ताज महाल पॅलेस हॉटेल, मुंबई

ताज महाल पॅलेस हॉटेल हे मुंबईच्या कुलाबा भागात, अपोलो बंदरावर, गेटवे ऑफ इंडियाच्या शेजारी उभे असलेले ऐतिहासिक पंचतारांकित हॉटेल आहे. उद्योगपती जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी ते उभारले. त्याचे उद्घाटन १६ डिसेंबर १९०३ रोजी झाले. मूळ इमारतीचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा या भारतीय वास्तुविशारदांनी तयार केला आणि बांधकाम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली पूर्णत्वास गेले. १९७३ मध्ये मूळ वास्तूला लागून बहुमजली 'टॉवर' इमारत बांधण्यात आली. हॉटेलची मालकी टाटा समूहातील इंडियन हॉटेल्स कंपनीकडे आहे. पारंपरिक भारतीय व युरोपीय वास्तुघटकांची सांगड त्या-त्या काळातील सर्वांत आधुनिक सुखसोयींशी घालणारी समुद्रकिनारी वास्तू म्हणून ताजचा उल्लेख केला जातो. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात या वास्तूची मोठी हानी झाली. पुनर्बांधणीनंतर जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली.

संक्षिप्त माहिती

स्थान: अपोलो बंदर, कुलाबा, मुंबई
संस्थापक: जमशेटजी टाटा
उद्घाटन: १६ डिसेंबर १९०३
वास्तुविशारद (मूळ इमारत): सीताराम खंडेराव वैद्य, डी. एन. मिर्झा, डब्ल्यू. ए. चेंबर्स
वास्तुविशारद (टॉवर): मेल्टन बेकर
वास्तुशैली: इंडो-सारासेनिक
मालकी: इंडियन हॉटेल्स कंपनी

स्थान

मुंबई बेटाच्या आग्नेय टोकाला, बंदराच्या शांत पाण्याकडे तोंड करून असलेल्या धक्क्याला अपोलो बंदर म्हणतात. जुन्या मराठी बोलण्यात त्याचा उल्लेख पालवा बंदर असाही होतो आणि 'अपोलो' हे त्याच देशी नावाचे इंग्रजी रूप असल्याचे मानले जाते. या ठिकाणाचे एक भौगोलिक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. मुंबईचा अरबी समुद्र पश्चिमेला असला, तरी अपोलो बंदरावरून दिसणारे पाणी पूर्वेला आहे. ही मुंबई बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधील खाडी होय. त्यामुळे येथे समुद्रावर सूर्योदय दिसतो, मावळता सूर्य मात्र शहराच्या बाजूला असतो. हॉटेलची रचना समजून घेताना ही दिशा महत्त्वाची ठरते.

हॉटेल बांधले गेले तेव्हा गेटवे ऑफ इंडिया अस्तित्वात नव्हता. पंचम जॉर्ज व राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये याच धक्क्यावर उतरले. त्या स्मरणार्थ उभारलेल्या कमानीची कोनशिला ३१ मार्च १९१३ रोजी बसवली गेली आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधलेली कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. म्हणजे आज ज्या दोन वास्तू एकाच चित्रात पाहण्याची सवय झाली आहे, त्यांपैकी हॉटेल हे गेटवेपेक्षा एकवीस वर्षांनी मोठे आहे. कमान उभी राहीपर्यंत बंदरात शिरणाऱ्या बोटींवरील प्रवाशांना शहराची पहिली ठळक खूण म्हणून ताजचा घुमटच दिसत असे. गेटवेसमोरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजी झाले.

उभारणीची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापसाचा व्यापार, गिरण्या, रेल्वे आणि १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा यांमुळे मुंबई हे आशियातील अग्रगण्य बंदर बनले. मात्र शहराच्या दर्जाला साजेशी निवासाची सोय नव्हती. काळा घोडा येथील वॉटसन हॉटेल हे त्या काळचे नामांकित हॉटेल होते. ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभी असलेली ती इमारत इंग्लंडमध्ये घडवलेले भाग जोडून तयार करण्यात आली होती. ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी तेथेच झाला.

त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. हजारो लोक शहर सोडून गेले, व्यापार मंदावला आणि मुंबईचे भवितव्यच संपले की काय, अशी भीती व्यक्त होऊ लागली. अशा पडत्या काळात, १८९८ मध्ये, जमशेटजींनी हॉटेलच्या बांधकामास प्रारंभ केला. पोलाद कारखाना, जलविद्युत प्रकल्प आणि विज्ञानसंस्था या त्यांच्या अन्य तीन मोठ्या संकल्पांपैकी एकही त्यांच्या हयातीत पूर्णत्वास गेला नाही. ताज हा एकच संकल्प त्यांना डोळ्यांनी पाहता आला. हॉटेलच्या उद्घाटनानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले.

हॉटेलच्या प्रेरणेविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या वॉटसन हॉटेलात जमशेटजींना प्रवेश नाकारण्यात आला आणि त्या अपमानाचे उत्तर म्हणून त्यांनी ताज बांधले, असे ती सांगते. या प्रसंगाला समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नसल्याने अनेक अभ्यासकांनी तिच्याविषयी शंका घेतली आहे. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे तत्कालीन संपादक लॉव्हाट फ्रेझर यांच्या आठवणींनुसार मुंबईला शोभेल असे हॉटेल असावे, ही तक्रार ते स्वतः जमशेटजींकडे करीत असत. व्यक्तिगत अपमानापेक्षा शहराविषयीचा अभिमान आणि प्लेगने खचलेल्या मुंबईवरील विश्वास ही प्रेरणा जमशेटजींच्या एकूण कार्याशी अधिक सुसंगत दिसते. ताजमध्ये भारतीयांना व युरोपीयांना सारखाच प्रवेश होता, हे मात्र निर्विवाद आहे. वंशभेद उघडपणे पाळला जाण्याच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

वास्तुविशारद आणि बांधकाम

रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे ताजचे मूळ शिल्पकार होत. बोरीबंदर येथील व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) बांधले जात असताना त्यांनी वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे साहाय्यक म्हणून काम केले होते. युरोपीय गॉथिक बांधणीत भारतीय घुमट, जाळ्या व कोरीवकाम कसे बसवावे, याचा अनुभव त्यांना तेथे प्रत्यक्ष जागेवर मिळाला. स्टीव्हन्स यांचे नाव त्या इमारतींशी कायमचे जोडले गेले. त्यांच्या हाताखालच्या भारतीय अभियंत्यांची नावे मात्र तज्ज्ञांच्या ग्रंथांपुरती उरली. ताजच्या निमित्ताने वैद्यांना स्वतंत्र आराखडा करण्याची संधी मिळाली. डी. एन. मिर्झा हे त्यांचे सहकारी होते.

बांधकाम चालू असतानाच वैद्यांचे निधन झाले. उर्वरित काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांच्याकडे सोपविण्यात आले. मध्यवर्ती घुमटाच्या व वरच्या भागाच्या रचनेत चेंबर्स यांनी काही फेरफार केल्याचे सांगितले जाते; परंतु इमारतीचा पाया, तिची मांडणी आणि तिच्या दर्शनी भागाची मूळ कल्पना वैद्य–मिर्झा यांची होती. सोराबजी रतनजी हे या कामाचे कंत्राटदार होते. बांधकामाचा खर्च सुमारे अडीच लाख पौंड झाला. तो कोणत्याही कंपनीचे भागभांडवल न उभारता जमशेटजींनी स्वतःच्या पैशातून केला. पुढील व्यवस्थापनासाठी १९०२ मध्ये इंडियन हॉटेल्स कंपनीची नोंदणी झाली.

उद्घाटनाच्या वेळी इमारतीचा काही भाग अपूर्ण होता आणि पहिल्या दिवशी केवळ सतरा पाहुणे मुक्कामास होते.

वास्तुरचना

शैली

ताजची शैली सामान्यतः इंडो-सारासेनिक म्हणून ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात रूढ झालेल्या या शैलीत युरोपीय पद्धतीच्या आराखड्यावर भारतीय व इस्लामी वास्तुकलेतील घटक योजले जात. ताजच्या दर्शनी भागात तळमजल्यावरील भक्कम कमानी, त्यांवर एकसारख्या लयीत येणाऱ्या खिडक्यांच्या ओळी, गुजरातमधील हवेल्यांची आठवण करून देणारे पुढे आलेले सज्जे, मुघल धाटणीचे छोटे घुमट आणि टोकांवरील गोलाकार बुरूज असे निरनिराळ्या परंपरांतील घटक एकत्र आले आहेत. मध्यभागी तांबूस रंगाचा मोठा घुमट असून त्याच्या घडणीत इटलीतील प्रबोधनकालीन घुमटांची छाया दिसते.

एवढे सारे घटक एका इमारतीत आणल्यावर गर्दी होण्याचा धोका असतो. वैद्यांनी तो दोन उपायांनी टाळला. पहिला उपाय सममितीचा. मध्यवर्ती घुमटाच्या दोन्ही बाजूंना इमारत सारख्याच रीतीने पसरते आणि दोन्ही टोकांना बुरुजांनी तिला पूर्णविराम मिळतो. दुसरा उपाय पुनरावृत्तीचा. खिडकी, सज्जा, खिडकी असा क्रम न मोडता चालू राहतो, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला प्रथम सलग भिंत दिसते व अलंकरण नंतर नजरेत भरते. समुद्रातून बोटीने येणाऱ्या माणसासाठी ही योजना विशेष परिणामकारक ठरते.

आराखडा

मूळ इमारतीचा आराखडा इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराचा आहे. लांब बाजू समुद्राला समांतर असून तिच्या दोन्ही टोकांपासून दोन भुजा शहराच्या, म्हणजे पश्चिमेच्या दिशेने निघतात. या भुजांच्या मध्ये मोकळे आवार होते. पाहुण्यांच्या घोडागाड्या याच आवारात येत आणि मुख्य प्रवेशद्वारही त्याच बाजूला होते. पुढील काळात प्रवेश समुद्राच्या बाजूने सुरू झाला आणि जुन्या आवाराच्या जागी पोहण्याचा तलाव व बाग आली.

या मांडणीमुळे दोन लाभ झाले. प्रवेशाची वर्दळ, घोडे, सामानाची ने-आण हे सर्व शहराच्या बाजूला राहिले आणि समुद्राकडील संपूर्ण लांबी खोल्यांसाठी मोकळी मिळाली. शिवाय मुंबईत दुपारनंतर वाहणारा वारा मुख्यतः पश्चिमेकडून व वायव्येकडून येतो. पश्चिमेला उघडणाऱ्या आवारातून हा वारा इमारतीत खेळविता येत असे. वातानुकूलन यंत्रे नसलेल्या काळात दमट किनारपट्टीवरील इमारतीसाठी ही बाब सजावटीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक महत्त्वाची होती. उंच छत, रुंद मार्गिका आणि सावली देणारे सज्जे यांचा हेतूही तोच होता.

जिना आणि घुमट

घुमटाखालील मध्यवर्ती जिना हा इमारतीचा अंतर्गत केंद्रबिंदू आहे. मधोमध आधाराचा एकही खांब नसलेला हा जिना भिंतीतून बाहेर काढलेल्या पायऱ्यांवर तोललेला असल्याने तो अधांतरी असल्याचा भास होतो. त्याच्या रचनेचे श्रेय कंत्राटदार सोराबजी रतनजी यांना दिले जाते. जिन्याभोवती प्रत्येक मजल्यावर कठड्यांच्या मार्गिका असून वरून येणारा प्रकाश तळापर्यंत पोहोचतो. या जिन्याच्या परिसरात जमशेटजी टाटांचा अर्धपुतळा बसविलेला आहे.

'उलट्या इमारती'ची आख्यायिका

ताजविषयी सर्वाधिक प्रचलित असलेली आख्यायिका अशी की, वास्तुविशारदाने इमारतीचे तोंड समुद्राकडे योजले होते. तो परदेशी गेला असता बांधकाम करणाऱ्यांनी आराखडा उलटा धरला व मागची बाजू समुद्राकडे आली. परतल्यावर हे पाहून त्याने इमारतीवरून उडी घेऊन जीव दिला. मुंबई दाखविणारे वाटाडे ही कथा आजही रंगवून सांगतात.

या कथेला कोणताही आधार नाही. प्रवेशद्वार शहराच्या बाजूला ठेवणे हा आराखड्याचाच भाग होता आणि त्याची कारणे वर दिली आहेत. इमारत कित्येक वर्षे जमशेटजींच्या व त्यांच्या माणसांच्या डोळ्यांदेखत उभी राहत होती. एवढी मोठी वास्तू चुकून उलटी बांधली जाणे आणि ते कोणाच्याही ध्यानात न येणे संभवत नाही. मूळ वास्तुविशारद वैद्य यांचे निधन इमारत पूर्ण होण्यापूर्वीच झाले होते, त्यामुळे तयार इमारत पाहून आत्महत्या करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आख्यायिकेतील वास्तुविशारद बहुधा युरोपीय असतो, हेही लक्षणीय आहे. ही इमारत ज्याने कल्पिली, त्या मराठी माणसाचे नाव या कथेत येत नाही. उलट त्याने विचारपूर्वक केलेली योजना चूक म्हणून सांगितली जाते.

यंत्रसामग्री आणि सुखसोयी

जमशेटजींनी युरोपच्या प्रवासांत हॉटेलसाठी लागणाऱ्या वस्तूंची खरेदी स्वतः केली. ड्युसेलडॉर्फ, बर्लिन व पॅरिस या शहरांतून यंत्रे, दिवे व अन्य सामान मागविण्यात आले. पॅरिसहून आणलेले लोखंडी खांब मेजवानीच्या दालनात बसविण्यात आले. वीजपुरवठा, अमेरिकी बनावटीचे पंखे, जर्मन उद्वाहक, तुर्की पद्धतीची स्नानगृहे, बर्फ व सोडा तयार करण्याची यंत्रणा आणि यांत्रिक धुलाईघर अशा सोयी असलेले हे हॉटेल त्या काळी भारतात अपूर्व होते. शहरात विजेचा सार्वत्रिक पुरवठा सुरू झालेला नसताना हॉटेल स्वतःच्या जनित्रावर उजळत असे.

बाहेरून राजवाड्याचे रूप आणि आतून विसाव्या शतकाची यंत्रे, हे दुपेडी स्वरूप म्हणजे ताजच्या संकल्पनेचा गाभा होय. येथे परंपरा ही यंत्रांना झाकणारे वस्त्र म्हणून आलेली नाही. उंच छत वाऱ्यासाठी आवश्यक होते आणि पंखे तोच वारा खेळता ठेवीत. दोन्ही गोष्टी एकाच गरजेची उत्तरे होती.

स्वातंत्र्यपूर्व काळ

पहिल्या महायुद्धात हॉटेलचे रूपांतर ६०० खाटांच्या रुग्णालयात करण्यात आले. युद्धानंतर ते संस्थानिक, व्यापारी, परदेशी प्रवासी आणि राष्ट्रीय चळवळीतील नेते यांच्या भेटीगाठींचे ठिकाण बनले. सरोजिनी नायडू यांचा मुंबईतील मुक्काम दीर्घकाळ ताजमध्ये असे. १९३३ मध्ये येथे हार्बर बार सुरू झाला.

१९३० च्या दशकात ताजचे नृत्यदालन हे भारतातील जॅझ संगीताचे प्रमुख केंद्र होते. लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड हे आफ्रिकी-अमेरिकी वादक येथे आपापल्या वाद्यवृंदांसह वाजवीत. स्वतःच्या देशात वर्णभेद सोसणाऱ्या या कलावंतांना येथे मानाचे स्थान मिळाले. त्यांच्याबरोबर वाजविणाऱ्या 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध झालेले अँतोनियो झेवियर वाझ आणि फ्रँक फर्नांड यांसारख्या गोमंतकीय वादकांनी पुढे हिंदी चित्रपटसंगीतात मोलाची भर घातली.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी ताजसमोरील गेटवेच्या कमानीतून निघून गेली.

टॉवर इमारत

१९७० च्या सुमारास मोठ्या जेट विमानांमुळे परदेशी पर्यटकांची संख्या वाढू लागली. एअर इंडियाचे पहिले बोईंग ७४७ विमान १९७१ मध्ये सेवेत आले. नरिमन पॉइंट येथे ओबेरॉय शेरेटन हे गगनचुंबी हॉटेल उभे राहत होते. जुन्या ताजमधील खोल्या या मागणीला पुऱ्या पडणाऱ्या नव्हत्या. शेजारचे ग्रीन्स हॉटेल टाटांनी पूर्वीच विकत घेतलेले होते. ते पाडून त्या जागी वीसहून अधिक मजल्यांची नवी इमारत बांधण्याचा निर्णय झाला. या काळात कंपनीची धुरा अजित बाबुराव केरकर यांच्याकडे होती. अमेरिकी वास्तुविशारद मेल्टन बेकर यांनी आराखडा केला आणि १९७३ मध्ये टॉवर सुरू झाला.

जुन्या वास्तूला नवी जोड देताना वास्तुविशारदापुढे दोन मार्ग असतात: जुन्याची हुबेहूब नक्कल करणे किंवा पूर्णतः वेगळी, आपल्या काळाची भाषा बोलणे. बेकर यांनी मधला मार्ग घेतला. इमारतीचा सांगाडा आधुनिक काँक्रीटचा व उभा ठेवला. परंतु सज्जांना कमानींचे आकार देऊन शेजारच्या कमानींशी नाते जोडले. या प्रयत्नाविषयी मतभेद आहेत. टॉवरमुळे घुमटाचे आकाशरेषेवरील वर्चस्व कमी झाले, हा त्यावरील मुख्य आक्षेप होय. या बांधकामासाठी ग्रीन्स हॉटेलची जुनी इमारत गमवावी लागली, हीसुद्धा दखल घेण्याजोगी बाब आहे. दुसऱ्या बाजूने, नव्या खोल्यांमुळे हॉटेल आर्थिकदृष्ट्या सक्षम राहिले आणि जुनी इमारत पाडण्याची वा तिच्यावर मजले चढविण्याची वेळ आली नाही, असेही म्हणता येते.

टॉवरबरोबर हॉटेलचे मुख्य स्वागतकक्षही नव्या इमारतीत आले. शमियाना, गोल्डन ड्रॅगन इत्यादी उपाहारगृहे या कालखंडात नावारूपाला आली. जुन्या इमारतीतील पहिल्या मजल्यावरचे, खिडकीतून गेटवे दिसणारे 'सी लाउंज' हे मुंबईकरांच्या विशेष परिचयाचे आहे. अनेक कुटुंबांनी मुलगा-मुलगी पाहण्याचे कार्यक्रम येथे चहाच्या निमित्ताने घडवून आणले. तेथील दुपारच्या चहात इंग्रजी केक-सँडविचबरोबर भेळ व शेवपुरीही मिळते.

अंतर्गत सजावट आणि कलासंग्रह

अजित केरकर यांच्या पत्नी एलिझाबेथ केरकर यांनी ताज समूहाच्या अंतर्गत सजावटीची जबाबदारी अनेक वर्षे सांभाळली. जुनी झुंबरे, गालिचे, कोरीव लाकडी वस्तू आणि हस्तकलेच्या वस्तू देशभरातून जमविण्यात आल्या. त्याचबरोबर समकालीन भारतीय चित्रकारांच्या कलाकृती विकत घेण्यात आल्या. त्या वेळी भारतीय आधुनिक चित्रकलेला फारसा खरेदीदार नव्हता. मकबूल फिदा हुसेन, वासुदेव गायतोंडे, राम कुमार, लक्ष्मण श्रेष्ठ अशा चित्रकारांची चित्रे या संग्रहात आहेत. हेरिटेज म्हणजे केवळ जुन्या वस्तू नव्हेत, आपल्या काळात निर्माण होणारी कला हीसुद्धा उद्याचा वारसा असते, अशी दृष्टी या संग्रहामागे दिसते.

२००८ चा हल्ला आणि पुनर्बांधणी

२६ नोव्हेंबर २००८ रोजी रात्री समुद्रमार्गे आलेल्या लष्कर-ए-तैयबाच्या दहशतवाद्यांनी मुंबईत अनेक ठिकाणी हल्ले केले. ताजमध्ये चार दहशतवादी शिरले होते. राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कारवाईनंतर २९ नोव्हेंबरच्या सकाळी हॉटेल मुक्त झाले. हॉटेलमध्ये ३१ जणांना प्राण गमवावे लागले. त्यांत पाहुण्यांबरोबर, त्यांना सुरक्षित बाहेर काढताना मृत्यू पावलेले कर्मचारीही होते. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे मेजर संदीप उन्नीकृष्णन येथील कारवाईत हुतात्मा झाले. मार्ग ठाऊक असूनही पळून न जाता पाहुण्यांच्या रक्षणासाठी थांबलेल्या कर्मचाऱ्यांच्या वर्तनाचा पुढे व्यवस्थापनशास्त्रात अभ्यास झाला.

आगीचा सर्वाधिक फटका जुन्या इमारतीच्या सहाव्या मजल्याला व घुमटाच्या परिसराला बसला. घुमटाभोवती उठलेल्या ज्वाळांचे दृश्य जगभर दाखविले गेले. घुमट स्वतः मात्र टिकून राहिला. टॉवर तुलनेने सुरक्षित होता, त्यामुळे तो २१ डिसेंबर २००८ रोजी, महिन्याभराच्या आत, पुन्हा सुरू करण्यात आला.

जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला सुमारे एकवीस महिने लागले. यात तीन वेगवेगळ्या प्रकारची कामे होती. जे वाचले होते, ते साफ करून जतन करणे. जे जळाले होते परंतु ज्याच्या नोंदी वा नमुने उपलब्ध होते, ते मूळ पद्धतीने पुन्हा घडविणे. आणि जेथे मूळ रूप आधीच बदललेले होते, तेथे नव्याने रचना करणे. मध्यवर्ती जिना व त्याभोवतीच्या मार्गिका पूर्ववत करण्यात आल्या. खोल्यांची मांडणी मात्र आजच्या गरजांनुसार नवी झाली. सुरक्षाव्यवस्था व अग्निशमनयंत्रणा जुन्या भिंतींच्या आत सामावून घेणे हे या कामातील अवघड भाग होते. १५ ऑगस्ट २०१० रोजी, स्वातंत्र्यदिनी, ही इमारत पुन्हा खुली झाली. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी नोव्हेंबर २०१० च्या भारतभेटीत आपला मुंबईतील मुक्काम येथेच ठेवला.

हल्ल्यात मृत्यू पावलेल्या ३१ जणांची नावे असलेले स्मारक हॉटेलमध्ये आहे. 'हॉटेल मुंबई' हा २०१८ मधील चित्रपट या घटनेवर आधारित आहे.

वारसा आणि कायदा

मुंबईतील वारसा वास्तूंच्या संरक्षणासाठीची नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. शहरपातळीवरील अशा प्रकारची ती देशातील पहिली नियमावली होय. तिच्या कक्षेतील वास्तूंमध्ये बदल करण्यापूर्वी वारसा संवर्धन समितीचा विचार घ्यावा लागतो. टॉवर बांधला गेला तेव्हा ही नियमावली अस्तित्वात नव्हती. तसेच किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ मधील आहे. त्यामुळे १८९८ किंवा १९७३ मध्ये ज्या मोकळेपणाने पाण्याच्या काठावर बांधकाम करता आले, तसे ते आज शक्य नाही.

२०१७ मध्ये ताजच्या इमारतीच्या प्रतिमेची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. इमारतीला अशी नोंदणी मिळण्याची भारतातील ही पहिलीच वेळ होती. या नोंदणीमुळे परवानगीशिवाय इमारतीच्या प्रतिमेचा व्यापारी वापर करण्यावर बंधन आले. पर्यटकांना छायाचित्रे घेण्यास आडकाठी नाही.

किनारपट्टीवरील तत्सम उदाहरणे

समुद्रकिनारी वारसा व आधुनिकता यांचा मेळ घालण्याचे निरनिराळे मार्ग जवळपासच्या उदाहरणांतून दिसतात.

आग्वाद (गोवा): पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये बांधलेल्या आग्वाद किल्ल्याच्या सिकेरी येथील तटबंदीच्या आवारात ताज समूहाने १९७४ मध्ये हॉटेल सुरू केले. येथे नवी बांधकामे उतारावर, बुटकी व कौलारू ठेवून किल्ल्याच्या तटाला प्राधान्य देण्यात आले. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेसाठी आलेल्या राष्ट्रप्रमुखांचा विश्रांती-मुक्काम गोव्यात होता. त्या निमित्ताने या परिसरात टेकडीवरील बंगल्यांची भर पडली.

तेरेखोल: सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सीमेवर, तेरेखोल नदीच्या मुखाशी असलेला हा किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधला व १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी येथे तिरंगा फडकविला. पुढे या लहानशा किल्ल्यातील खोल्यांचे रूपांतर हॉटेलात झाले. येथे नवे बांधकाम करण्याऐवजी जुन्या वास्तूचाच नवा वापर करण्यात आला.

अन्य देश: सिंगापूरचे रॅफल्स (१८८७) आणि कोलंबोचे गॉल फेस (१८६४) ही ताजच्या पूर्वीची आशियाई हॉटेले होत. वसाहतकालीन युरोपीय प्रवाशांसाठी, युरोपीय मालकांनी वा अन्य परकीय व्यापाऱ्यांनी ती सुरू केली. भारतीय मालक, भारतीय वास्तुविशारद आणि भारतीय कंत्राटदार असलेले ताज त्यांच्यापेक्षा या बाबतीत वेगळे ठरते.

महत्त्व

ताजच्या रचनेचे मोजमाप केवळ तिच्या सौंदर्यावरून होत नाही. इमारतीने १९०३ पासून वीज, उद्वाहक, वातानुकूलन, बहुमजली जोडइमारत आणि सुरक्षायंत्रणा असे अनेक बदल पचविले आणि तिचे मूळ रूप ओळखू येण्याइतके शिल्लक राहिले. वैद्यांनी वाऱ्याची दिशा, पाण्याची बाजू आणि शहराचा रस्ता यांचा विचार करून केलेली मांडणी पुरेशी लवचीक होती, हे त्याचे एक कारण होय. प्रवेशद्वार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेले, तरी इमारत विसंगत झाली नाही. ज्या गोष्टीला आख्यायिका चूक म्हणते, त्याच गोष्टीमुळे इमारतीला दोन दर्शनी बाजू मिळाल्या: एक शहराकडे पाहणारी आणि दुसरी समुद्राकडे.

हेही पहा

गेटवे ऑफ इंडिया
जमशेटजी टाटा
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस
वॉटसन हॉटेल
इंडो-सारासेनिक वास्तुशैली
२६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील दहशतवादी हल्ला
आग्वाद किल्ला
तेरेखोल किल्ला